पार्सलवाल्याला रस्ता कोणी शिकवला?

आजची गोष्ट सुरू होते पेट्रोलच्या टँकरपासून. 1959 साली अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग आणि जॉन रॅमसर यांनी एक निबंध लिहिला. प्रश्न वाटायला साधा: एका डेपोतून बऱ्याच पंपांना पेट्रोल पोचवायचंय, तर कुठल्या टँकरने कुठल्या क्रमाने फिरावं? साधा कसला! एकाच गाडीने 12 ठिकाणं करायची म्हटली, तरी क्रम लावायच्या तऱ्हा होतात 47 कोटी 90 लाख.

पुढे 1964 मध्ये इंग्लंडच्या क्लार्क आणि राइट यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते, कारण ती कागद-पेन्सिलीने शिकवता येते. आधी असं धरायचं, की प्रत्येक गिऱ्हाइकासाठी डेपोतून वेगळी फेरी आहे. आता दोन गिऱ्हाइकं एकाच फेरीत जोडली तर? पहिल्याकडून डेपोत परत येणं वाचलं, डेपोतून दुसऱ्याकडे जाणं वाचलं, वाढलं फक्त त्या दोघांमधलं अंतर. ज्या जोडीत बचत जास्त ती आधी जोडायची. असं करत करत गाडी भरायची.

हे झालं कागदावरचं. स्टिअरिंगवर बसलेल्याचं काय? यूपीएस ही पार्सल कंपनी घ्या, 1907 मध्ये सिएटलला निरोप्यांची सेवा म्हणून निघालेली. ड्रायव्हरला शिकवण्यात भलतीच काटेकोर. कामाच्या 340 पद्धती लिहून ठेवलेल्या, अगदी किल्ली कुठल्या बोटात अडकवायची इथपर्यंत! रस्त्याबाबतचा नियम तर प्रसिद्धच आहे: शक्यतो डावीकडे वळू नका. तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे डावं वळण घ्यायचं तर समोरची रहदारी कापावी लागते, ताटकळावं लागतं. (आपल्याकडे हेच उजव्या वळणाला लागू.)

पण पार्सलं कुठल्या क्रमाने द्यायची, हे बरंचसं ड्रायव्हरच्या डोक्यात असायचं. एकेकाचे दिवसाला सव्वाशेच्या आसपास थांबे. 120 थांब्यांचे किती क्रम होतात? तो आकडा 199 अंकी आहे. मग कंपनीने ओरायन नावाची संगणकप्रणाली बनवली आणि 2013 च्या सुमारास ती सगळीकडे आणायला सुरुवात केली.

आणि इथे ठिणगी पडली. सुरुवातीच्या चाचण्यांत ओरायनचे रस्ते ड्रायव्हरांना पटेनात, आणि त्यांचं चुकतही नव्हतं. विकतच्या नकाशाला दुकानाचा पत्ता कळतो, पण माल घ्यायचं दार मागच्या गल्लीत आहे हे त्याला कुठून कळणार? कंपनीला आपले नकाशे बारकाईने सुधारावे लागले. त्यानंतरही ओरायन कधी कधी सांगे, ही वस्ती अर्धी सोडून पुढे जा, नंतर परत ये. वीस वर्षं त्याच गल्ल्यांत काढलेल्या माणसाला हे खुळ्यासारखं वाटणारच. त्यामुळे नवं शिकवण्याइतकंच जुनं सोडायला लावणं हेही प्रशिक्षणच होऊन बसलं.

2016 च्या सुमारास ओरायन 55,000 मार्गांवर पोचलं. कंपनीचा हिशेब असा, की दर ड्रायव्हरमागे रोज 6 ते 8 मैल वाचतात, म्हणजे वर्षाला सगळे मिळून 10 कोटी मैल. हे सगळं श्रेय गणिताला द्यायला माझं मन तयार होत नाही. त्याच वर्षी या कामाला फ्रांझ एडलमन पारितोषिक मिळालं. नव्या ड्रायव्हरला आता पहिल्याच सकाळी क्रम लावून मिळतो. तोच क्रम मनात बसायला जुन्याला किती पावसाळे काढावे लागले असतील, देव जाणे.