ऑर्डरनुसार बनवलेलं सॉफ्टवेअर आणि जाहिरातीचे गेम: पैसे तुमचे, पण मालकी कोणाची?

इंदापूर तालुक्यातल्या शेळगावसारख्या गावात दूध संकलन केंद्र, कृषी सेवा केंद्र किंवा ठिबकचं दुकान चालवणाऱ्याला सॉफ्टवेअर हवं असेल, तर दोन रस्ते असतात. एक, टॅलीसारखं तयार सॉफ्टवेअर विकत घ्यायचं. दुसरा, बारामती किंवा पुण्यातल्या एखाद्या कंपनीकडून किंवा ओळखीच्या प्रोग्रामरकडून आपल्या धंद्यापुरतं बनवून घ्यायचं. या दुसऱ्या प्रकाराला ‘कस्टम सॉफ्टवेअर’ म्हणतात.

फरक कळायला दूध केंद्राचा हिशोब बघा. सकाळ-संध्याकाळचं लिटर, प्रत्येक वेळची फॅट आणि एसएनएफ, त्यावरून रेट चार्टचा दर, दहा दिवसांचं बिल, त्यातून पशुखाद्याची आणि उचलीची कपात. यासाठी तयार सॉफ्टवेअरही मिळतं आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना तेवढं पुरतं. कस्टमची गरज पडते ती आपला नियम जगावेगळा असेल तेव्हा.

साखर कारखान्यांचं तसंच आहे. ऊस नोंद, लागणीची तारीख, जात, तोडणीचा क्रम, टोळी, वाहतूकदार, काट्यावरचं वजन आणि शेवटी बिल. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर १५ टक्के दराने व्याज. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये तारीख चुकली तर ती नुसती चूक राहत नाही.

ऊसपट्ट्यातलं या बाबतीत सर्वात गाजलेलं उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरचं. १९९८ मध्ये तिथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. वारणा समूहाच्या परिसरातल्या सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रं उभी राहिली. शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी योजना असं बरंच काही शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवायचं ठरलं होतं. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूच्या संशोधकांनी पाहिलं, तर ही केंद्रं मुख्यतः कारखान्याच्याच कामासाठी वापरली जात होती: ऊस नोंद, वजन, बिल, खत. मग त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइल दिला. केंद्रावरून एसएमएस जायचा, कारखान्यातल्या संगणकाकडून उत्तर यायचं. आठ महिन्यांच्या चाचणीत ही पद्धत स्वस्त पडली आणि शेतकऱ्यांना सोयीचीही वाटली.

कुणी सॉफ्टवेअर बनवून घेत असेल तर वारणेची ही गोष्ट आधी वाचावी. लोक रोज नेमकं काय विचारतात, हे महिनाभर वहीत लिहून काढलं तरी निम्मी फीचर्स गळून पडतात आणि खर्चही उतरतो.

आता मुख्य मुद्दा. पूर्ण पैसे दिले म्हणजे सॉफ्टवेअर आपलं झालं, असं बहुतेकांना वाटतं. कायदा तसं म्हणत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीच मानलं आहे. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून बनवलेला प्रोग्राम मालकाचा. पण बाहेरच्या कंपनीने किंवा फ्रीलान्सरने बनवला असेल तर सहसा कॉपीराइट त्यांचाच राहतो, तुम्हाला फक्त वापरायची परवानगी मिळते. हक्क आपल्याकडे हवा असेल तर तो लेखी आणि सहीनिशी हस्तांतरित करून घ्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क फक्त भारतापुरता. व्हॉट्सॲपवरच्या ‘झालं साहेब, तुमचंच आहे’ या मेसेजवर विसंबू नका.

कागदाइतक्याच महत्त्वाच्या चाव्या असतात. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, हातात नसेल तर दुसरा प्रोग्रामर त्यात सहज बदल करू शकत नाही. नुसती एपीके फाइल म्हणजे सोर्स कोड नव्हे. डोमेन, सर्व्हर आणि प्ले स्टोअरचं खातं प्रोग्रामरच्या नावावर असेल, तर भांडण झालं किंवा त्याने फोन उचलणं बंद केलं की सभासदांचा सगळा हिशोब अडकतो. खाती पहिल्या दिवसापासून आपल्या नावावर काढा, डेटाचा बॅकअप दर आठवड्याला आपल्याकडे घ्या आणि पैशाचा शेवटचा हप्ता कोड हातात आल्यावरच द्या. चांगली कंपनी याला हरकत घेत नाही.

याच कंपन्या बऱ्याचदा जाहिरातीचे गेमही बनवतात. फिरतं चाक, स्क्रॅच कार्ड, प्रश्नमंजूषा. कल्पना जुनी आहे. १९८३ मध्ये कोका-कोलाने अटारीकडून ‘पेप्सी इनव्हेडर्स’ हा गेम आपल्या विक्री अधिकाऱ्यांसाठी बनवून घेतला होता, त्याच्या प्रती जेमतेम १२५. मुंबईत १९९८ मध्ये सुरू झालेली ‘कॉन्टेस्ट्सटूविन’ ब्रँडसाठी ऑनलाइन स्पर्धा घ्यायची. आणि २०१९ च्या दिवाळीत गूगल पे वर २५१ रुपयांसाठी ‘रांगोळी’चा स्टॅम्प शोधत ग्रुपमध्ये भटकलेले वाचक इथेही असतील!

चाक फिरताना जी धडधड होते, ती केवळ देखावा. नेहमीच्या पद्धतीत आपण बटण दाबताच सर्व्हरने निकाल ठरवलेला असतो. किती बक्षिसं उरली, आज किती द्यायची, हे तिथे नोंदलेलं असतं. चाक त्या निकालावर येऊन थांबतं इतकंच. म्हणून गेम बनवून घेणाऱ्याने बक्षिसांची संख्या आणि नियम आधी जाहीर करणं बरं.

कायदाही इथे आडवा येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बक्षीस योजना संपल्यावर सहभागींपासून निकाल दडवणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून जिंकण्याच्या आशेने खेळायच्या गेमवर बंदी घातली, त्यामुळे प्रवेश फी लावण्याचा विचारही नको. तामिळनाडूत बक्षीस योजनांविरुद्ध १९७९ पासून वेगळा कायदा आहे; गूगल पेची स्क्रॅच कार्डं तिथे मिळत नसत ती त्यामुळेच. मोठ्या बक्षिसावर ३० टक्के दराने कर कापावा लागतो. बक्षीस मोटारसायकल असेल, तर चावी देण्याआधी कर भरला गेला आहे हे बघायची जबाबदारी देणाऱ्याची.

गेम खेळताना लोक नाव आणि मोबाइल नंबर भरतात. शाळकरी मुलंही भरतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती सांगितली आहे. ती माहिती कुणाच्या सर्व्हरवर राहणार आणि मोहीम संपल्यावर कोण पुसणार, हेही त्याच करारात लिहून घ्यावं.