जपानी कथाप्रधान खेळ आणि त्यांच्या इंग्रजी भाषांतराची प्रतीक्षा

एखाद्या कृतीचा वाङ्मयीन इतिहास लिहिताना आपण तिच्या रचनेचा, प्रकाशनाचा आणि भाषांतराचा असे तीन काल नोंदवितो. रचना आणि प्रकाशन यांमधील काळ लेखकाच्या चरित्राचा विषय समजला जातो. प्रकाशन आणि भाषांतर यांमधील काळ मात्र बहुधा रिकामाच सोडला जातो. अमुक वर्षी मूळ कृती निघाली, तमुक वर्षी तिचे भाषांतर झाले, एवढे सांगून इतिहासकार पुढे जातो. या मधल्या काळात काय घडते, ते कोण घडविते आणि पुढील भाषांतरावर त्याचा कोणता परिणाम होतो, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

त्यासाठी निवडलेली उदाहरणे ग्रंथांची नाहीत. हातात धरून खेळावयाच्या यंत्रांसाठी जपानमध्ये निघालेल्या कथाप्रधान व्हिडिओ गेमची ती उदाहरणे आहेत. विद्यापीठीय अभ्यासात हे साहित्य अद्याप काहीसे परके वाटते. तथापि भाषांतराच्या प्रतीक्षेचा इतका तारीखवार पुरावा अन्य प्रकारच्या साहित्यात क्वचितच सापडतो, आणि म्हणून भाषांतराच्या इतिहासकाराने त्याकडे दुर्लक्ष करू नये असे वाटते.

1

या खेळांना भूमिका-खेळ म्हणतात. खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, गावोगाव हिंडतो, भेटेल त्याच्याशी बोलतो आणि त्या संभाषणांतून कथा उलगडत जाते. जपानी न जाणणारा मनुष्य असा खेळ मुळीच खेळू शकत नाही असे नाही. शस्त्रांची व औषधांची नावे आकृतीवरून ओळखून, आज्ञांचा क्रम पाठ करून तो युद्धाचा भाग पार पाडू शकतो. पण कथा त्याच्या हाती लागत नाही. मृत्यूचा प्रसंग त्याला दिसतो. मरणाराशी इतरांचे नाते काय होते ते त्याला कळत नाही. अशा अर्ध्या आकलनातूनच भाषांतराची तीव्र अपेक्षा निर्माण होते. जो ग्रंथ मुळीच उघडता येत नाही त्याच्याविषयी कुतूहल असते; जो अर्धा कळतो त्याच्याविषयी तळमळ असते.

2

पहिले उदाहरण ‘मदर 3’ या खेळाचे. जाहिरातलेखक म्हणून जपानमध्ये ख्यातनाम असलेले शिगेसातो इतोई यांनी या मालेचे लेखन केले. पहिला ‘मदर’ 1989 साली आणि दुसरा 1994 साली निघाला. दुसऱ्याची इंग्रजी आवृत्ती ‘अर्थबाउंड’ या नावाने 1995 साली अमेरिकेत आली. तिचा खप अपेक्षेपेक्षा बराच कमी झाला. पहिल्या खेळाचे दैव याहून विचित्र. त्याचे इंग्रजी भाषांतर 1990 च्या सुमारासच तयार झाले होते, पण ते प्रकाशित झाले नाही. पुढे 1998 साली त्या भाषांतराची एक नमुना-प्रत उजेडात आली, आणि अधिकृत प्रकाशनास 2015 साल उजाडावे लागले. तयार भाषांतर पंचवीस वर्षे पेटीत पडून राहिले, असे म्हणावयास हरकत नाही.

तिसऱ्या खेळाच्या रचनेचाच इतिहास दीर्घ आहे. काम 1994 साली सुरू झाले. पुढे ते निंटेंडोच्या नव्या यंत्राकडे वळविण्यात आले. ऑगस्ट 2000 मध्ये ते सोडून देण्यात आले. 2003 साली ते पुन्हा हाती घेतल्याचे जाहीर झाले आणि 20 एप्रिल 2006 रोजी ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ या यंत्रासाठी हा खेळ जपानमध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी आवृत्ती निघाली नाही. जानेवारी 2008 मध्ये जपानमध्ये आणि त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत निघालेल्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल’ या निंटेंडोच्याच दुसऱ्या खेळात ‘मदर 3’ चा नायक लुकास आला. त्यामुळे इंग्रजी खेळाडूंना नायक परिचित झाला, त्याची कथा मात्र अपरिचितच राहिली.

भाषांतर का झाले नाही, याविषयी चाहत्यांत एक समजूत दृढ आहे : कथेतील मातृवियोग, शोक आणि इतर काही प्रसंग अमेरिकी बाजारास पेलणार नाहीत असे कंपनीस वाटले असावे. ही समजूत कृतीच्या आशयावरून बांधलेली आहे, व्यवहाराच्या पुराव्यावरून नव्हे. निंटेंडोचे नवे ‘डीएस’ यंत्र 2004 सालीच अमेरिकेत आले होते, म्हणजे 2006 साली जुन्या यंत्राची बाजारपेठ मावळत होती. आणि मालेतील मागील खेळाच्या खपाचा अनुभव उत्साहवर्धक नव्हता. निंटेंडोच्या अमेरिकी शाखेचे माजी अध्यक्ष रेजी फिस-एमे यांनीही निवृत्तीनंतर व्यापारी परिस्थितीकडेच बोट दाखविले आहे. पुराव्याचे वजन या बाजूस अधिक पडते. पण पहिली समजूत चुकीची ठरली तरी निरुपयोगी ठरत नाही. वाट पाहणारा समाज आपल्या वंचनेस कृतीच्या थोरवीतून कारण शोधतो, ही गोष्ट त्या समजुतीवरून दिसते. आणि प्रतीक्षेच्या इतिहासात ती नोंदविण्याजोगी आहे.

3

नोव्हेंबर 2006 मध्ये चाहत्यांच्या एका गटाने भाषांतराचे काम जाहीररीत्या हाती घेतले. त्याचे नेतृत्व व्यवसायाने भाषांतरकार असलेल्या क्लाइड मँडेलिन यांनी केले. सुमारे दोन वर्षांनी, 17 ऑक्टोबर 2008 रोजी, भाषांतर पूर्ण होऊन प्रसिद्ध झाले, आणि पहिल्या आठवड्यातच त्याच्या एक लाखाहून अधिक प्रती उतरवून घेतल्या गेल्या. या गटाने मूळ खेळ वाटला नाही. मूळ खेळात करावयाचे बदल तेवढे एका स्वतंत्र फाइलमध्ये दिले.

काम केवळ शब्दांचे नव्हते. जपानी अक्षरे समान रुंदीच्या चौकटींत बसतात. इंग्रजी अक्षरांची रुंदी सारखी नसते आणि तोच मजकूर इंग्रजीत अधिक जागा घेतो. त्यामुळे अक्षरे पडद्यावर मांडणारी यंत्रणाच नव्याने लिहावी लागली. जुन्या मुद्रणालयातील जुळाऱ्याला नव्या लिपीसाठी खिळ्यांची पेटी बदलावी लागे, तसाच हा प्रकार होय.

शब्दांच्या पातळीवरील अडचणी अधिक उद्बोधक आहेत. कथा घडते त्या गावाचे मूळ नाव ‘तात्सुमाइरी’. त्यात ‘तात्सु’ म्हणजे नागसदृश दैवी प्राणी आणि ‘माइरी’ म्हणजे दर्शनास जाणे, हे दोन शब्द ऐकू येतात. कथेच्या शेवटी बेटाखाली निद्रिस्त असलेल्या अशाच एका प्राण्याचे रहस्य उघड होते. म्हणजे गावाच्या नावातच कथेचा शेवट पेरलेला आहे. इंग्रजीत हे नाव ‘टॅझमिली’ झाले. ध्वनी राहिला, बीज गेले. पैशाचा व्यवहार ठाऊक नसलेल्या या गावात पैसा आणि ‘सुखाच्या पेट्या’ आणणाऱ्या गोडबोल्या खलपुरुषाचे मूळ नाव ‘योकुबा’ असून ते लोभवाचक जपानी शब्दावरून आले आहे. भाषांतरकारांनी त्याला ‘फसाद’ असे नाव दिले. भ्रष्टता या अर्थाचा हा अरबी शब्द हिंदी-उर्दूतील ‘दंगाफसाद’ या जोडशब्दामुळे आपल्या कानांस परिचित आहे. शिवाय तो ‘मुखवटा’ या अर्थाने इंग्रजीत रूढ झालेल्या एका शब्दाशी ध्वनीने जुळतो. येथे शब्दाचा अर्थ बदलला, पण पात्राचा स्वभाव नावातून सूचित करण्याची मूळ रीत राखली गेली. पहिल्या उदाहरणात हानी आहे, दुसऱ्यात भरपाई आहे. आणि ही दोन्ही एकाच हातून झालेली आहेत.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. जुळ्या भावांची लुकास आणि क्लाउस ही नावे इतोई यांनी अगोता क्रिस्तोफ यांच्या कादंबरी-त्रयीतून घेतली. क्रिस्तोफ या जन्माने हंगेरियन. त्यांनी लेखन केले फ्रेंचमध्ये. फ्रेंच कादंबरीतील नावे जपानी खेळात आणि तेथून स्वयंसेवकांच्या इंग्रजीत आली. ज्यास आपण ‘मूळ’ म्हणतो तेही परभाषेच्या ऋणातून मुक्त नसते, याचे हे ठळक प्रमाण होय.

4

दुसरे उदाहरण निहोन फाल्कोम या कंपनीच्या ‘सोरा नो किसेकी’ या कथेचे. इंग्रजीत ती ‘ट्रेल्स इन द स्काय’ म्हणून ओळखली जाते. पहिला भाग 2004 साली संगणकासाठी आणि 2006 साली ‘पीएसपी’ या हातातील यंत्रासाठी निघाला. या कथेत मजकुराची विपुलता असाधारण आहे. प्रत्येक लहानमोठ्या घटनेनंतर गावातील सामान्य माणसांचीही संभाषणे बदलतात. त्यामुळे भाषांतराचा खर्च मोठा आणि तो विक्रीतून भरून निघण्याची शाश्वती थोडी.

पहिल्या भागाचे इंग्रजी भाषांतर एक्ससीड या प्रकाशन-संस्थेने मार्च 2011 मध्ये प्रसिद्ध केले. हा भाग ऐन निर्णायक क्षणी तुटतो. जपानी वाचकास दुसरा भाग 2006 सालीच उपलब्ध होता. इंग्रजी वाचकास तो 29 ऑक्टोबर 2015 रोजी मिळाला. अर्धी कथा हाती असलेल्या वाचकाने साडेचार वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली. या अवधीत मूळ यंत्रच बाजारातून निवृत्त होत होते; 2014 पासून पहिला भाग संगणकावर विकता येऊ लागला, त्यामुळे उद्योगास आधार मिळाला.

तिसरे उदाहरण याच मालेतील पुढील दोन भागांचे. ‘झीरो नो किसेकी’ आणि ‘आओ नो किसेकी’ हे अनुक्रमे 2010 व 2011 साली ‘पीएसपी’साठी निघाले. त्यांना वगळून त्यांच्यानंतरची कथा 2015 साली इंग्रजीत आणली गेली. परिणामी इंग्रजी वाचकांनी उत्तरकथा आधी वाचली आणि पूर्वकथेची वाट नंतर पाहिली. लेखकाने योजलेला रहस्यभेदाचा क्रम उलटला. ही पोकळी ‘जिओफ्रंट’ या स्वयंसेवी गटाने मार्च 2020 आणि मे 2021 मध्ये दोन्ही भागांची भाषांतरे काढून भरली. 2021 सालीच एनआयएस अमेरिका या प्रकाशकाने तेच भाषांतर अधिकृत आवृत्तीचा आधार म्हणून स्वीकारल्याचे जाहीर केले. त्या आवृत्त्या सप्टेंबर 2022 आणि मार्च 2023 मध्ये निघाल्या. याउलट, आपले भाषांतर निंटेंडोस विनामूल्य देण्याची मँडेलिन यांनी 2013 साली दर्शविलेली तयारी फलद्रूप झाली नाही. ‘मदर 3’ फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या यंत्रावर पुनःप्रसिद्ध झाला, तो जपानमध्येच आणि जपानीतच.

5

या तुलनेतून हक्काचा प्रश्न पुढे येतो. भाषांतराचा हक्क मूळ कर्त्याचा, हे तत्त्व बर्न करारात 1886 साली दहा वर्षांच्या मर्यादेसह मान्य झाले. 1896 च्या पॅरिस येथील दुरुस्तीने त्यास अशी अट जोडली की, प्रकाशनापासून दहा वर्षांत एखाद्या भाषेत भाषांतर निघाले नाही, तर त्या भाषेपुरता हा हक्क संपावा. 1908 साली बर्लिन येथे ही अट काढून टाकण्यात आली. पण जपानने परकीय ग्रंथांच्या जपानी भाषांतरासाठी ती सवलत आपल्यापुरती राखून ठेवली, आणि 1970 च्या नव्या कायद्याने ती सोडली. म्हणजे वाचकाच्या प्रतीक्षेस कायद्याने मर्यादा घालण्याचा विचार नवा नाही, आणि त्याचा दीर्घकाळ लाभ घेणाऱ्या देशांत जपान होता. आज ही मर्यादा कोठे लागू असती, तर ‘मदर 3’ ची इंग्रजी वाट 2016 सालीच मोकळी झाली असती. अशी मर्यादा पुन्हा असावी की नसावी, हा कायदेपंडितांचा प्रश्न आहे. परंतु कर्त्याच्या हक्कासमोर वाचकाचेही काही हित उभे असते, हे एके काळी आंतरराष्ट्रीय करारानेच मान्य केले होते, हे इतिहासाने विसरू नये.

या निष्कर्षांस दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, येथे घेतलेली तिन्ही उदाहरणे कोणत्या ना कोणत्या मार्गाने सिद्धीस गेलेली आहेत. अर्ध्यावर सुटलेल्या भाषांतरांचे दप्तर मागे राहत नाही. म्हणून यशस्वी प्रतीक्षेवरून सर्व प्रतीक्षांचे अनुमान करणे धोक्याचे आहे. दुसरी अशी की, मराठी अभ्यासक या कृतींपर्यंत बहुधा इंग्रजीच्याच दाराने पोहोचतो. तेव्हा इंग्रजीत कोणाच्या कष्टाने काय आले आणि काय राहिले, हा आपल्यासाठी परक्यांचा प्रश्न नाही; आपल्या साधनांच्या विश्वसनीयतेचाच तो प्रश्न आहे.

‘सोरा नो किसेकी’च्या पहिल्या भागाची नवी घडण 19 सप्टेंबर 2025 रोजी जपानी आणि इंग्रजी वाचकांच्या हाती एकाच दिवशी पडली. ज्या कथेसाठी एका पिढीने वर्षानुवर्षे वाट पाहिली, तिच्याबाबत दोन भाषांमधील अंतर शून्यावर आले. वाचकाच्या दृष्टीने हे इष्टच आहे. मात्र त्या अंतरातच खिळे बदलणारे, नावांशी झगडणारे आणि विनामूल्य राबणारे भाषांतरकार तयार झाले होते, आणि त्यांतील काहींचे काम अधिकृत आवृत्तीत जिरून गेले आहे. त्यांच्या मसुद्यांची, पत्रव्यवहाराची आणि टिपणांची जपणूक आताच झाली नाही, तर तिसऱ्या तिथीपूर्वीचा काळ इतिहासात पुन्हा रिकामाच दिसेल.