होम्सचा वॉटसन

स्मरणिकेसाठी ‘मैत्रीवर लिही’ असा हुकूम आला. आपल्या वर्गाच्या दोस्तीवर बाकीचे लिहितीलच. शाळेत बाकाखाली पुस्तक धरून ज्या जोडीला मी वाचलं, तिच्याबद्दल लिहितो.

आर्थर कॉनन डॉयलने १८८७ साली होम्स आणि वॉटसनला एका छपराखाली आणलं, ते कारण अगदी आपल्यासारखं: भाडं एकट्याला परवडत नव्हतं! वॉटसन अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत (१८८०) जखमी होऊन आलेला लष्करी डॉक्टर. चार कादंबऱ्या आणि ५६ कथा. त्यांतल्या चार कथा सोडल्या, तर गोष्ट सांगतो तो वॉटसनच. आणि होम्स? ‘द साइन ऑफ फोर’मध्ये तो याच लिखाणाची खिल्ली उडवतो. वॉटसन दुखावतो, पण लिहायचं सोडत नाही. मला तरी या जोडीत मोठा माणूस तोच वाटतो.

कौतुकाचा शब्द होम्सकडून कधीमधीच. मग १९२४ साली ‘थ्री गॅरिडेब्ज’ ही कथा आली. वॉटसनच्या मांडीला गोळी लागते आणि त्या थंड डोक्याच्या माणसाचे ओठ थरथरतात, डोळे भरून येतात. वॉटसनचा जीव गेला असता, तर तूही इथून जिवंत सुटला नसतास, असं तो गुन्हेगाराला बजावतो. वाचकांना हे दिसायला सदतीस वर्षं लागली. जखम तशी किरकोळच होती. पण त्या मायेपुढे वॉटसनला अशा आणखी कितीही जखमा चालल्या असत्या.