भक्षक पेशी आणि औषधवाहक कण : एका वंशावळीचा फेरविचार

जिवाणुजन्य रोगांवरील औषधे अब्जांश कणांत, म्हणजेच नॅनोकणांत, भरून रोगस्थानी पोचविण्याच्या विद्येचा इतिहास सांगताना आरंभ बहुधा पाउल एर्लिख यांच्यापासून केला जातो. रोगजंतूस नेमके गाठणारी ‘जादूची गोळी’ ही त्यांची कल्पना व १९१० मध्ये उपदंशावर प्रचारात आलेले साल्वर्सान यांच्याशी आजच्या कणांचे नाते जोडण्यात येते. ही वंशावळ आकर्षक असली तरी जिवाणुरोगांपुरती ती अपुरी आहे, असे दाखविण्याचा येथे हेतू आहे.

१९०८ चे नोबेल पारितोषिक एर्लिख यांच्याबरोबर इल्या मेच्निकॉफ यांना विभागून मिळाले होते. १८८२ मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या डिंभात काटा टोचून त्याभोवती जमणाऱ्या पेशी त्यांनी पाहिल्या, व त्यातून भक्षक पेशींचा सिद्धान्त उदयास आला. परंतु क्षयाचे किंवा साल्मोनेला वर्गातील जिवाणू ह्या भक्षकांच्याच पोटात सुरक्षित राहू शकतात. १९४३ मध्ये हाती आलेले स्ट्रेप्टोमायसिन पेशीबाहेरील क्षयजंतूंवर प्रभावी, पण पेशीत त्याचा शिरकाव अल्प. म्हणजे प्रश्न औषधाच्या सामर्थ्याचा नसून प्रवेशाचा होता.

ह्या प्रश्नाचे साधन निराळ्याच हेतूने चाललेल्या संशोधनातून लाभले. केंब्रिजजवळील बाब्रहॅम येथे ॲलेक बँगहॅम हे पेशीपटलांचा अभ्यास करीत होते. पाण्यात मिसळलेली फॉस्फोलिपिडे आपोआप बंदिस्त पुटिका बनवितात, हे त्यांच्या व सहकाऱ्यांच्या १९६४-६५ मधील लेखांतून स्पष्ट झाले. ह्याच त्या लायपोसोम होत. १९७१ मध्ये ग्रेगोरिआडिस व रायमन यांनी त्यांत विकर भरून ते उंदरांना टोचले, तेव्हा ते मुख्यतः यकृत व प्लीहा यांत जमा झाले. कारण तेथील भक्षक पेशींनी ते गिळले होते. कर्करोगाच्या संशोधकांना हा अडथळा वाटला, व तो टाळण्यासाठी कणांवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण चढविण्यात आले. जिवाणुरोगांत मात्र हाच अडथळा राजमार्ग ठरतो. कारण कण गिळणारी पेशी व जंतूस आश्रय देणारी पेशी एकच असते.

ह्या तर्कास प्रयोगांचा आधार आहे. १९८९ मध्ये फाताल, कूव्हर व सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये साल्मोनेलाग्रस्त उंदरांना कणबद्ध ॲम्पिसिलिनची ०.८ मिलिग्रॅमची एकच मात्रा दिली. सर्व उंदीर वाचले. मोकळ्या ॲम्पिसिलिनच्या ३२ मिलिग्रॅमच्या तीन मात्रा त्यासाठी लागत. २००३ मध्ये चंदीगड येथे खुल्लर व सहकाऱ्यांनी कणांत भरलेली क्षयौषधे उंदरांना दर दहाव्या दिवशी तोंडावाटे दिली. पाच मात्रांनंतर ऊतींत क्षयजंतू आढळले नाहीत.

तथापि उंदरापासून मनुष्यापर्यंतचा मार्ग दीर्घ आहे. श्वासावाटे घ्यावयाच्या लायपोसोमबद्ध ॲमिकासिनला अमेरिकेत संमती मिळाली ती २०१८ मध्ये, आणि तीही मायकोबॅक्टेरियम एव्हियम समूहाच्या फुप्फुसरोगात, अन्य उपाय फारसे न उरलेल्या प्रौढांपुरती. दुर्धर रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या उपचारास ह्या औषधाची जोड दिली असता २९ टक्के रुग्णांची थुंकी सहाव्या महिन्यापर्यंत जंतुमुक्त झाली. केवळ नेहमीच्या उपचाराने हे प्रमाण ८.९ टक्के होते. लाभ निःसंशय आहे, पण दहांपैकी सात रुग्ण त्यापासून वंचित राहिले, हेही विसरता येत नाही.

औषधरोधी जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षी जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट ओढवले, असा अंदाज आहे. अशा वेळी नव्या वाहकांविषयी मोठ्या अपेक्षा निर्माण होणे साहजिकच होय. परंतु वाहक हा औषधास नवी शक्ती देत नाही. तो त्यास केवळ योग्य दारी नेतो. म्हणून कण घडविण्यापूर्वी जंतूचे वसतिस्थान कोणते, हा मेच्निकॉफ यांच्या परंपरेतील प्रश्न आधी विचारला पाहिजे. गोळी कोणती, हा एर्लिख यांचा प्रश्न त्यानंतरचा होय.