शस्त्रक्रियापूर्व हृदयक्षमता

शस्त्रक्रियापूर्व हृदयक्षमता म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी व त्यानंतरच्या काही दिवसांत शरीराची प्राणवायूची वाढलेली गरज भागवण्याची हृदय, फुप्फुसे आणि रक्ताभिसरण यांची एकत्रित कुवत होय. ही कुवत कमी असलेल्या रुग्णांमध्ये हृदयविकाराचा झटका, न्यूमोनिया, मूत्रपिंडांचा बिघाड आणि मृत्यू यांचे प्रमाण अधिक आढळते. महाराष्ट्रातील रुग्णालयांत या तपासणीला बोलीभाषेत नुसतेच 'फिटनेस' म्हणतात. शल्यचिकित्सक रुग्णाला फिजिशियनकडे 'फिटनेस'साठी पाठवतो. तिथली चिठ्ठी भूलतज्ज्ञाच्या हाती येते आणि तो स्वतः तपासून अंतिम निर्णय घेतो. या चिठ्ठीचा अर्थ 'धोका नाही' असा अनेकदा घेतला जातो, परंतु तिच्यात केवळ धोक्याचा अंदाज असतो.

शरीरावर पडणारा ताण

मोठ्या शस्त्रक्रियेत ऊतींना इजा होते, रक्तस्राव होतो आणि शरीरात दाहाची प्रतिक्रिया सुरू होते. त्यामुळे विश्रांतीच्या अवस्थेतील प्राणवायूचा वापर सुमारे दीडपटीपर्यंत वाढू शकतो व तो काही दिवस तसाच राहतो. पलंगावर पडून असलेला रुग्ण बाहेरून निश्चल दिसला, तरी त्याचे हृदय सतत चढण चढत असल्यासारखे काम करीत असते. निरोगी हृदय आपला उपसा वाढवून ही गरज भागवते. ज्याच्या हृदयात तेवढी शिल्लक ताकद नाही, त्याच्या आतडे, मूत्रपिंड आणि खुद्द हृदयस्नायू यांना प्राणवायू कमी पडू लागतो. म्हणून पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत पोटातच होईल असे नाही.

मापन

हृदयक्षमता 'मेट' या एककात मोजतात. स्वस्थ बसलेल्या प्रौढ व्यक्तीला दर मिनिटास शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे ३.५ मिलिलिटर प्राणवायू लागतो, हा एक मेट. न थांबता दोन जिने चढणे साधारण चार मेटचे मानले जाते, आणि अनेक वर्षे हीच उंबरठ्याची खूण म्हणून वापरली गेली.

अचूक मोजणीसाठी रुग्णाला तोंडावर मुखवटा लावून स्थिर सायकल चालवायला देतात व श्वासातील वायूंचे पृथक्करण करतात. १९९३ साली ऑस्ट्रेलियातील पॉल ओल्डर व सहकाऱ्यांनी मोठी शस्त्रक्रिया होणाऱ्या १८७ वृद्ध रुग्णांची अशी चाचणी प्रसिद्ध केली. स्नायूंना प्राणवायू अपुरा पडू लागण्याची पातळी दर किलोग्रॅममागे मिनिटाला ११ मिलिलिटरपेक्षा कमी असलेल्या ५५ जणांपैकी १० जण हृदय व रक्ताभिसरणाच्या कारणाने दगावले. उरलेल्या १३२ जणांपैकी एकच. अभ्यास लहान होता, त्यामुळे ११ हा आकडा सीमारेषा म्हणून अंतिम मानला जात नाही.

ही यंत्रसामग्री सर्वत्र नसते. बहुसंख्य ठिकाणी ईसीजी आणि टू-डी इको यांवर काम भागवले जाते. मात्र या दोन्ही चाचण्या रुग्ण झोपलेला असताना होतात. त्या हृदयाची रचना, झडपा, ठोक्यांची लय व आकुंचन दाखवतात. श्रमाच्या वेळी हृदय किती साथ देईल, हे त्यांतून कळत नाही. इको चांगला असूनही क्षमता क्षीण असू शकते.

वैद्याच्या अंदाजाची मर्यादा

रुग्णाशी दोन मिनिटे बोलून 'हा झेपवेल' असे ठरवण्याची पद्धत जगभर रूढ आहे. तिची पारख कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील २५ रुग्णालयांत १,४०१ रुग्णांवर झाली आणि निष्कर्ष २०१८ साली 'द लॅन्सेट'मध्ये आले. प्रत्यक्ष चाचणीत ज्यांची क्षमता कमी ठरली, त्यांपैकी जेमतेम १९ टक्के रुग्ण वैद्यांच्या अंदाजाने ओळखले गेले. याउलट, १९८९ साली तयार झालेली 'ड्यूक' प्रश्नावली महिन्याभरातील मृत्यू व हृदयविकाराच्या झटक्याचा धोका ओळखण्यास उपयोगी ठरली. तिच्यात रोजच्या हालचालींविषयी १२ प्रश्न असून कमाल गुण ५८.२ आहेत. पुढील विश्लेषणात ३४ पेक्षा कमी गुण वाढत्या धोक्याचे लक्षण मानले गेले.

रोगांच्या इतिहासावर आधारलेले गुणांकनही प्रचलित आहे. ली यांच्या गटाने १९९९ मध्ये मांडलेल्या निर्देशांकात सहा घटक येतात: मोठ्या धोक्याची शस्त्रक्रिया, हृदयाच्या रक्तपुरवठ्याचा विकार, हृदय अकार्यक्षम झाल्याचा इतिहास, पक्षाघात, इन्सुलिनवर असलेला मधुमेह आणि वाढलेले क्रिएटिनिन.

कोल्हापूर परिसरातील संदर्भ

कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. जिल्ह्याबरोबरच कोकण आणि सीमाभागातूनही तेथे रुग्ण येतात. त्याची जुनी इमारत एकोणिसाव्या शतकातील असून वास्तुरचना मेजर चार्ल्स मँट यांची आहे. लोक त्याला 'सीपीआर' म्हणतात. बंद पडलेले हृदय चालू करण्याच्या तातडीच्या उपायाचे आद्याक्षरी नावही तेच आहे, हा निव्वळ योगायोग.

ड्यूक प्रश्नावलीत गोल्फ, बोलिंग, टेनिसची दुहेरी, बर्फावरील घसरण आणि अंगणातील पाने गोळा करणे असे उल्लेख आहेत. करवीर वा राधानगरी तालुक्यातील शेतकरी रुग्णाला ते विचारले, तर बहुतेक उत्तरे 'नाही' अशी येतील आणि दिवसभर भांगलण करणारी बाई कागदावर दुर्बल ठरेल. तिला वैरणीचा भारा डोक्यावरून आणता येतो का, भरलेली घागर घेऊन घराच्या पायऱ्या चढता येतात का, जोतिबाच्या डोंगरावर न थांबता किती पायऱ्या होतात, हे विचारणे अधिक सयुक्तिक आहे. अर्थात अशी बदललेली प्रश्नावली प्रत्यक्ष चाचणीशी ताडून पाहिल्याशिवाय मूळचे गुण तिला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

प्रश्न नेमका वर्तमानकाळातला असावा लागतो. कुस्तीच्या या शहरात तरुणपणी तालमीत कमावलेल्या शरीराचा अभिमान उतारवयातही टिकून असतो. परंतु व्यायाम सुटल्यावर हृदयक्षमता काही आठवड्यांतच घटू लागते, आणि जुना भरदार बांधा पाहून चाचणी टाळणे धोक्याचे ठरते. याउलट गुडघेदुखीमुळे घरातच वावरणाऱ्या रुग्णाला छातीत कधी दुखलेच नाही, यावरून हृदय निरोगी असल्याचे सिद्ध होत नाही. त्याच्या हृदयावर तेवढा ताण आलेलाच नसतो. अशा वेळी हाताने फिरवायची सायकल किंवा औषधाने हृदयाचे काम वाढवून केलेला इको उपयोगी पडतो.

धोका कमी करण्याचे उपाय

वेळ हाती असेल तेव्हा काही आठवड्यांचा चालण्याचा व श्वसनाचा व्यायाम, प्रथिनयुक्त आहार, रक्तक्षयावर उपचार आणि तंबाखू बंद करणे यांवर भर देतात. धूम्रपान किमान चार आठवडे आधी थांबवल्यास फुप्फुसांची गुंतागुंत कमी होते. हृदयविकाराचा झटका येऊन गेला असल्यास ऐच्छिक शस्त्रक्रिया साधारण ६० दिवस पुढे ढकलतात. स्टेंट बसवलेल्या रुग्णाने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या परस्पर बंद करणे घातक ठरू शकते, कारण स्टेंटमध्येच गुठळी होण्याची भीती असते.

सरसकट केलेले उपाय मात्र फसले आहेत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ५१० रुग्णांच्या चाचणीत, रक्तवाहिन्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी हृदयाच्या अडलेल्या धमन्या मोकळ्या केल्याने दीर्घकालीन मृत्युदर घटला नाही. २००८ च्या 'पॉइज' चाचणीत ८,३५१ रुग्णांपैकी काहींना शस्त्रक्रियेच्या तोंडावर मेटोप्रोलॉल सुरू केले गेले. त्यांच्यात हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. आधीपासून चालू असलेले असे औषध मात्र बंद करीत नाहीत.

आतडे फुटणे किंवा वृद्धाच्या खुब्याचे हाड मोडणे अशा प्रसंगी फिटनेससाठी थांबण्यातच अधिक धोका असतो. तेथे तपासणी आटोपशीर ठेवून शस्त्रक्रिया केली जाते व लक्ष नंतरच्या देखरेखीवर दिले जाते. भारतासह अनेक देशांतील १५ हजारांहून अधिक रुग्णांच्या 'व्हिजन' अभ्यासात, हृदयेतर शस्त्रक्रियेनंतर सुमारे ८ टक्के रुग्णांच्या हृदयस्नायूला इजा झाल्याचे रक्तातील ट्रोपोनिनवरून दिसले. त्यांपैकी सुमारे ८४ टक्के जणांना छातीत दुखणे किंवा अन्य कोणतेही सूचक लक्षण नव्हते. म्हणून अधिक धोक्याच्या रुग्णांत पहिले दोन ते तीन दिवस ही रक्ततपासणी करण्याची शिफारस काही मार्गदर्शक तत्त्वांत आढळते.