सुईण, पाचवी आणि सोबत

मिरजगाव हे कर्जत तालुक्यातले, नगर–सोलापूर रस्त्यावरचे गाव. शेजारी जामखेड तालुका. या अवर्षणग्रस्त मुलखातील बाळंतपणाचा इतिहास लिहू जाता कागदपत्रांपेक्षा भाषेकडेच आधी वळावे लागते. ‘सुईण’ हा शब्द प्रसवणे या अर्थाच्या ‘सू’ धातूच्या घराण्यातला, ‘प्रसूती’ आणि ‘सूतिका’ यांचा भाऊबंद. आता शहरांतून ऐकू येणारा ‘डूला’ हा शब्द मात्र ग्रीक, मूळ अर्थ दासी. मानववंशशास्त्रज्ञ डेना राफाएल यांनी 1973 साली स्तनपानावरील आपल्या पुस्तकात तो बाळंतिणीला आधार देणाऱ्या स्त्रीसाठी योजला. डूला नाळ कापत नाही, औषध देत नाही. ती सोबत करते. आपल्याकडे हे काम एकटीचे नव्हते. माहेर, आई, शेजारची जाणती बाई आणि सुईण यांच्यात ते वाटलेले होते.

या वाटणीचे गोडवे गाण्याचा मोह आम्हांस होत नाही. नाळ कापणे विटाळाचे मानले गेल्याने ते काम बहुधा दलित स्त्रियांच्या वाट्याला येई. ज्या हातांनी बाळ जगात आणले त्याच हातांचे पाणी त्या घराला चालत नसे. विळा किंवा जुने पाते वापरले जाई आणि त्यातून बाळाला धनुर्वात होई. आपण ‘दुःख पाचवीला पुजलेले’ असे सहज म्हणतो. पाचवीच्या रात्री सटवाई कपाळी लेख लिहिते, ही त्यामागील समजूत. नवजात धनुर्वाताची लक्षणे जन्मानंतर साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान दिसू लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या रात्रीच्या जागरणामागे केवळ श्रद्धा नसून अनुभवाचे भयही असावे, असे आम्हांस वाटते. हा अर्थात आमचा तर्क आहे.

जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आपला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यात परिचारिका ठेवण्याचा पहिला बेत फसला. बाहेरून आलेल्या मुलीचे बायका ऐकेनात. तेव्हा गावातलीच स्त्री निवडावी, असे ठरले. निवडल्या गेलेल्यांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित. प्रशिक्षणात सर्व जातींच्या स्त्रिया एकत्र बसत, एकत्र जेवत, आणि आमच्या मते शिक्षणाचा आरंभ तेथेच झाला. वैद्यकीय भाग त्या मानाने साधा होता: हात साबणाने धुणे, निर्जंतुक पाते आणि दोरा, धोका ओळखून वेळीच दवाखान्यात पाठवणे. अवघड होते ते समजुतींशी झगडणे. मूल मोठे झाले तर बाळंतपण जड जाईल म्हणून गर्भारशीने कमी खायचे, पहिले चिकाचे दूध टाकून द्यायचे, या रीती सासूच्या अधिकारात मोडत. तो अधिकार डॉक्टरच्या शब्दाने हलला नसता. त्याच आळीतल्या, स्वतः बाळंतपणे सोसलेल्या बाईच्या शब्दाने तो हलला. प्रकल्पाच्या गावांत 1971 साली बालमृत्युदर हजारी 176 होता. नव्वदीच्या दशकाअखेर तो तिशीच्या खाली आला. पाणी, अन्न, लसीकरण, दवाखाना यांचाही त्यात वाटा होता. आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पाश्चात्त्य वैद्यकाला या सोबतीचे मोल आकड्यांतून पटले. ग्वाटेमालातील रुग्णालयात केलेला एक अभ्यास 1980 साली प्रसिद्ध झाला. गुंतागुंत नसलेल्या प्रसूतींत, शेजारी कोणी अनोळखी का होईना पण धीर देणारी स्त्री असेल, तर दाखल झाल्यापासून प्रसूतीपर्यंतचा काळ सरासरी सुमारे 9 तासांचा, आणि ती नसेल तर सुमारे 19 तासांचा भरला.

पुढे 2005 साली जननी सुरक्षा योजना आली, आशा कार्यकर्ती आली, प्रसूती रुग्णालयांत जाऊ लागल्या. जीव वाचले, यात शंका नाही. पण बाळंतीण गावातून निघाली तेव्हा तिच्या भोवतीच्या बायका बहुधा प्रसूतिगृहाच्या दारापाशीच थांबल्या. शासकीय रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास केंद्र सरकारने मुभा दिली ती 2016 साली. ही सोबतीण कोण असावी, याबाबत मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे: ती सहसा स्त्री असावी आणि शक्यतो प्रसूतिवेदनांतून स्वतः गेलेली असावी.