सागरतीरावरचे स्मारक



इतिहासाचा अभ्यास म्हणजे किल्ले पाहावयाचे, ताम्रपट वाचावयाचे आणि जुनी दप्तरे चाळावयाची, असा आपला साधारण समज आहे. रस्ता हेही इतिहासाचे एक साधन आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. आज अशाच एका रस्त्याची हकीकत मी आपल्यापुढे मांडणार आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, दक्षिण किनाऱ्याने, टॉर्कीपासून ॲलन्सफर्डपर्यंत सुमारे २४३ किलोमीटर गेलेला हा 'ग्रेट ओशन रोड'. एकीकडे ऑटवे डोंगरांचे अरण्य, दुसरीकडे उसळता समुद्र. चूल आणि बिछाना गाडीतच घेऊन एकट्याने हिंडणाऱ्या प्रवाशांचा हा मोठा आवडता मार्ग आहे. असा प्रवासी मनाशी म्हणतो, 'मी कोणाचा मिंधा नाही. वाटेल तेथे थांबेन, वाटेल तेव्हा निघेन.' त्याचे हे म्हणणे कितपत खरे आहे, हे आपल्याला पाहावयाचे आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावरील लॉर्नसारख्या गावी जावयाचे तर बोटीने जावे, नाहीतर रानातल्या खडतर पायवाटेने. अशातच १९१४ चे महायुद्ध आले. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्याही आत होती. त्यांतून चार लाखांवर माणसे सैन्यात गेली आणि सुमारे साठ हजार परत आली नाहीत. जी परतली त्यांच्या हातांना काम हवे होते. रस्ते-मंडळाचे अध्यक्ष विल्यम काल्डर यांनी १९१७ मध्येच सुचविले होते की, परतणाऱ्या सैनिकांना रस्त्यांच्या कामावर घ्यावे. जिलाँगचे महापौर हॉवर्ड हिचकॉक यांनी ही कल्पना उचलून धरली. न्यास स्थापन केला, वर्गणी गोळा केली, कर्ज काढले, पदरचे पैसे घातले. मेलेल्यांचे स्मारक व्हावे आणि जगलेल्यांना मजुरी मिळावी, असा दुहेरी हेतू. १९ सप्टेंबर १९१९ रोजी कामाचा औपचारिक आरंभ झाला.

यावर कोणी म्हणेल की, यात स्मारक कसले? प्रवाशांची वर्दळ वाढावी, व्यापार वाढावा, एवढाच खरा मतलब! ही शंका अगदीच निराधार नाही. हिचकॉक यांना पर्यटनाचा लाभ स्पष्ट दिसत होता, आणि न्यासाने पुढे रस्त्यावर पथकरही बसविला. परंतु केवळ हेतूवरून कार्याची परीक्षा होत नाही. ते कसे घडले हेही पाहिले पाहिजे. सुमारे तीन हजार माजी सैनिक या कामावर राबले. कुदळ, फावडे, हातगाडी आणि सुरुंग ही त्यांची मुख्य साधने. समुद्रावर लोंबणारे कडे त्यांनी यांच्याच जोरावर फोडले. आठ तासांच्या दिवसाला साडेदहा शिलिंग मजुरी होती. वस्ती तंबूंत, पण तळावर पियानो होता, ग्रामोफोन होता, वर्तमानपत्रे होती. १९२४ मध्ये 'कॅसिनो' नावाची आगबोट केप पॅटनजवळ अडकली आणि ती हलकी करण्यासाठी बीअरची पाचशे पिंपे व मद्याच्या १२० पेट्या समुद्रात टाकाव्या लागल्या. त्यानंतर दोन आठवडे रस्त्याचे काम थांबले, ते का हे सांगावयास नको! मात्र या विनोदाच्या पाठीमागे दुःखही आहे. युद्धातून वाचलेल्यांपैकी काहीजण या कड्यांवर काम करताना दगावले.

२६ नोव्हेंबर १९३२ रोजी रस्त्याचे उद्घाटन झाले. हिचकॉक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निवर्तले होते; उद्घाटनाच्या मिरवणुकीत गव्हर्नरच्या मोटारीमागून त्यांची मोटार चालविण्यात आली. १९३६ मध्ये न्यासाने रस्ता राज्याच्या स्वाधीन केला आणि पथकर उठला. ज्या वाटेने आज कोणीही मोफत जातो, तिचे मोल असे आधीच दिले गेले आहे.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. सैनिकांच्या सुरुंगाआधी हजारो वर्षे वाडावुरुंग, गाडुबानुड इत्यादी मूळ रहिवासी या किनाऱ्यावर वावरत होते. २०२० च्या कायद्याने व्हिक्टोरियाने हा मार्ग व त्याचा परिसर ही एक अखंड, सजीव वस्तू मानली, आणि तिच्या जपणुकीत या मूळ रहिवाशांचा अधिकार मान्य केला. शहाणपण उशिराच आले, पण आले. समुद्र मात्र कोणासाठी थांबत नाही. 'बारा प्रेषित' म्हणून प्रसिद्ध असलेल्या चुनखडीच्या सुळक्यांपैकी एक जुलै २००५ मध्ये कोसळला, आणि त्यानंतर आठच उरले.

तेव्हा एकट्या प्रवाशाचे स्वातंत्र्य खोटे नाही. फक्त ते त्याने एकट्याने मिळविलेले नाही. त्याच्या चाकांखाली तीन हजारांचे श्रम आणि साठ हजारांची आठवण आहे. वळणावर गाडी थांबवून समुद्र पाहताना हे ज्याच्या मनात येईल, त्याच्या आनंदात काही उणे होणार नाही. झाली तर भरच पडेल. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.